नग्गरला राहिलेला रशियन चित्रकार निकोलस रोरिक आणि त्याचे निळे-जांभळे डोंगर

गडवाटकरी

मंडळी, आधीच सांगतो, चित्रातलं मला काही कळत नाही. शाळेत एलिमेंटरीला बसलो तेव्हा डोंगर म्हणजे दोन त्रिकोण, मधे अर्धा सूर्य, खाली नदी आणि कडेला एक नारळाचं झाड इथपर्यंतच माझी मजल. त्यामुळे हा धागा कुणी कलासमीक्षा म्हणून वाचायला आला असेल तर त्याने आत्ताच मागे फिरावं.

झालं असं की मे महिन्यात चंद्रखणीचा ट्रेक होता आणि एक दिवस आधीच कुल्लूला पोचलो. दिवस मोकळा. बरोबरचे सगळे मनालीला शॉपिंगला पळाले, मला त्या गर्दीचा कंटाळा म्हणून पतलीकुहलला उतरलो, बियासवरचा पूल ओलांडून नग्गरला वर गेलो. किल्ला बघितला (दगड आणि लाकडाचे थर एकावर एक, भूकंपात हलतो पण पडत नाही म्हणे), चहा घेतला आणि कुणीतरी सांगितलं की वर पंधरा-वीस मिनिटांवर एका रशियन पेंटरचं घर आहे, बघून या. म्हटलं चला, पाय मोकळे होतील.

घर दुमजली, जुनं, देवदारांच्या मधे. वरच्या खोल्यांत आत सोडत नाहीत, व्हरांड्यातून काचेला नाक लावून बघायचं. खुर्च्या, पुस्तकं, गालिचे, जणू माणूस आत्ताच उठून बाहेर गेलाय. खाली छोटी गॅलरी. बाहेर एका झाडाखाली दगडी मूर्ती मांडल्यात, त्यात घोड्यावर बसलेला गुगा चौहान, तिथला लोकदैवत. आणि घराच्या खाली उतारावर एक मोठी शिळा, तिथे त्याचं दहन झालं. शिळेवर त्याला चक्क 'महर्षी' म्हटलंय आणि विक्रम संवत २००४ ची मिती आहे. रशियन माणूस, कुल्लूत दहन, विक्रम संवत. मी तिथेच जरा बसलो.

मग परत आल्यावर वाचत सुटलो. थोडक्यात सांगतो. जन्म १८७४, सेंट पीटर्सबर्ग. वडील नोटरी, त्यांची इच्छा पोराने वकील व्हावं, पोराने तडजोड म्हणून लॉ आणि आर्ट अकादमी दोन्हीकडे एकदमच नाव घातलं (आपल्याकडचे इंजिनिअरिंग करून नाटक करणारे आठवले). लहानपणापासून जुन्या थडग्यांची टेकाडं उकरायचा नाद, म्हणजे पुरातत्त्व पण. क्रांतीच्या सुमारास रशियातून बाहेर पडला तो फिनलंड, लंडन, १९२० ला अमेरिका. आणि डिसेंबर १९२३ मधे बायको हेलेना आणि दोन मुलगे घेऊन मुंबईच्या बंदरात उतरला. तिथून दार्जिलिंग. मग १९२५ ते १९२८ घोडे, याक आणि उंट घेऊन काश्मीर, लडाख, काराकोरम, खोतान, अल्ताई, मंगोलिया आणि तिबेट असा सगळा वेढा घातला. १९२८ संपता संपता नग्गरला घर केलं आणि १३ डिसेंबर १९४७ ला तिथेच गेला. सगळी मिळून चित्रं सात हजारांच्या आसपास म्हणतात.

आता माझा प्रश्न. त्या गॅलरीतले डोंगर बघून पहिल्यांदा वाटलं की हे अति आहे. एवढं जांभळं? एवढं निळं? कॅलेंडरवाले करतात तसं. पण दुसरी गोष्ट जास्त खटकली. बाहेर व्हरांड्यात उभं राहिलं की समोर काय दिसतं, तर देवदार, सफरचंदाच्या बागा, पत्र्याची आणि स्लेटची छपरं, धूर, माणसं, गाई आणि या सगळ्याच्या वर लांब बर्फ. आणि आत भिंतीवर फक्त ते वरचं. खालचं सगळं गायब! एकोणीस वर्षं त्या बागांमधे राहून या बाबाने झाड काढलं नाही, माणूस काढला नाही, नुसत्या कडा, कडांमागे कडा. असं का? जाणकारांनी सांगावं.

मनमोर

वा! मस्त सुरुवात. पण फोटो कुठायत? फोटोशिवाय धागा म्हणजे मिठाशिवाय पिठलं.

गडवाटकरी

आत फोटो काढायला बंदी आहे हो. बाहेरचे आहेत पण त्यात आमच्या ग्रुपमधल्यांचे चेहरे आहेत, ते टाकणार नाही.

खवचट काका

रोरिक म्हणजे तोच ना शंभाला शोधायला निघालेला? हिमालयात कुठेतरी गुप्त नगरी आहे, तिथे महात्मे बसलेत, ते बायकोच्या कानात येऊन सांगतात आणि बायको लिहून घेते. अग्नियोग नाव त्याचं. आपल्याकडे असे बुवा दर दोन तालुक्यांमागे एक मिळतील, फक्त ते ऑइल पेंट करत नाहीत. गोऱ्या कातडीच्या माणसाने लांब दाढी ठेवून चिनी झगा घातला की आपण लगेच महर्षी म्हणून मोकळे. चित्रांचं म्हणाल तर दाताच्या डॉक्टरकडे वेटिंग रूममधे लावतात ती.

भुरा कागद

काका, एक दुरुस्ती, तो पण ऑइल पेंट करत नव्हता :) टेंपेरा. आणि त्यावरच मुद्दा आहे, म्हणून जरा लांबण लावते.

मी जेजेला होते, आता शिकवते. टेंपेरा म्हणजे रंगाची पूड अंड्याच्या बलकात नाहीतर केसीनसारख्या (दुधातलं प्रथिन) बाइंडरमधे, म्हणजे रंग चिकटवणाऱ्या पदार्थात घोटून लावायची. चटकन वाळतो, तेलासारखी चकाकी येत नाही, पृष्ठभाग मॅट राहतो, खडूसारखा. आपल्या अजिंठ्याची चित्रंसुद्धा ओल्या गिलाव्यावरची नाहीत, कोरड्या पृष्ठभागावरची टेंपेराच आहेत, पण ते असो. तेलरंगात तुम्ही ओल्यावर ओलं घासून एक रंग दुसऱ्यात विरघळवू शकता, ढगाची कड पुसट करू शकता. टेंपेरात ते जमत नाही, तो रंग लावता लावता वाळतो. मग सपाट पट्टे, स्वच्छ कडा, एका पट्ट्याशेजारी दुसरा पट्टा असंच काम करावं लागतं. रोरिक हे मुद्दाम निवडून करत होता, हिमालयात येण्याच्या कितीतरी आधीपासून. शिवाय कडाक्याच्या थंडीत तेलरंग घट्ट होतो आणि ओला कॅनव्हास घोड्यावर लादून कुठे नेणार?

म्हणून त्याची चित्रं मोबाईलवर बघू नका अशी हात जोडून विनंती. स्क्रीनवर मागून उजेड येतो आणि तो जांभळा भडक होतो. प्रत्यक्षात तो रंग कोरडा आहे, धुळीसारखा. कॅलेंडरवाल्यांचा तर विषयच सोडा, ते वर आणखी चकचकीत लॅमिनेशन करतात.

गडवाटकरी

कागदताई हे भारी आहे. गॅलरीत मी लांबून बघितलं आणि वैतागलो, जवळ गेलो तेव्हा 'खडू आहे का हा' असं खरंच वाटलं होतं, पण विचारणार कुणाला.

लेन्सकॅप

रंगाबद्दल माझे दोन पैसे. मी फोटोग्राफर आहे (हौशी, पोटासाठी आयटी). बर्फावरची सावली खरोखरच निळी असते. साधं कारण आहे, उन्हाचा पिवळा उजेड जिथे पोचत नाही तिथे बर्फावर फक्त आकाशाचा उजेड पडतो, आणि आकाश निळं. जितकं उंच जाल तितकी हवा विरळ, वरचं आकाश गडद, सावली आणखी निळी. सूर्य बुडताना टोकावर गुलाबी-नारिंगी आणि खालच्या अर्ध्यात निळा-जांभळा, हे दहा मिनिटं टिकतं. मग तुम्ही मोबाईलने फोटो काढता आणि फोन स्वतःच्या अकलेने व्हाइट बॅलन्स करून तो निळा पुसून टाकतो, कारण त्याच्या मते बर्फ पांढरा असला पाहिजे. म्हणजे आपल्या सगळ्यांच्या गॅलरीत जो पांढरा हिमालय आहे तो खोटा आणि रोरिकचा खरा, असं मी म्हणेन.

खवचट काका

म्हणजे आता चित्र चुकलं नाही, कॅमेरा चुकला. छान.

लेन्सकॅप

काका एकदा लेहला जाऊन पहाटे साडेपाचला उठा, मग बोलू. ऑक्सिजनचं मी बघतो.

भुरा कागद

निळ्याबद्दल लेन्सकॅप बरोबर आहेत पण तेवढ्यावर भागत नाही. गडवाटकरींचा प्रश्न झाडं कुठे गेली हा आहे, आणि तो प्रश्न माझ्या मते जास्त चांगला आहे.

दोन धागे आहेत. पहिला त्याचा गुरू, अर्खिप कुइंजी. मारिउपोलकडचा, गरीब घरातला, बराचसा स्वतःच शिकलेला माणूस. १८८० मधे त्याने पीटर्सबर्गमधे प्रदर्शन भरवलं, प्रदर्शनात चित्र किती तर एक! नीपर नदीवरची चांदणी रात्र. खोलीच्या खिडक्या झाकल्या आणि दिव्याचा उजेड फक्त त्या चित्रावर. लोकांच्या रांगा लागल्या आणि चित्राच्या मागे दिवा लपवलाय का म्हणून लोक वाकून बघायचे. ही ट्रिक म्हणा हवं तर, पण त्यामागे हिशोब आहे. तीन-चतुर्थांश चित्र काळोखात ठेवायचं, तपशील सगळे गिळून टाकायचे, की उरलेला एक हिरवट पट्टा आपोआप पेटतो. काय काढायचं यापेक्षा काय काढायचं नाही हे कुइंजीने शिकवलं. १८९७ मधे विद्यार्थ्यांच्या आंदोलनाची बाजू घेतली म्हणून त्याला अकादमीतून घालवलं तेव्हा त्याच्या वर्गातल्या पोरांनीही अकादमी सोडली, त्यात रोरिक होता. त्याच वर्षी त्याचं डिप्लोमाचं चित्र, रात्री होडीतून निघालेला निरोप्या, मॉस्कोचा मोठा चित्रसंग्राहक त्रेत्याकोव याने विकत घेतलं.

दुसरा धागा नाटक. ते उद्या लिहिते, पोरीची परीक्षा आहे.

मनमोर

पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत)! ताई उद्या म्हणजे उद्याच हं, इथल्या 'उद्या'चा अनुभव वाईट आहे.

वडाची पारंबी

मी बंगळुरात असते. ज्यांना नग्गर लांब पडतं त्यांच्यासाठी, इथे कुमारकृपा रोडवर चित्रकला परिषदेत बाप-लेक दोघांचीही दालनं आहेत. लेक म्हणजे धाकटा, स्वेतोस्लाव. तो व्यक्तिचित्रं करायचा, संसदेच्या सेंट्रल हॉलमधलं नेहरूंचं चित्र त्याचं आहे. १९४२ च्या मे महिन्यात नेहरू आणि इंदिरा नग्गरला यांच्या घरी जाऊन राहिले होते, तेव्हाच त्याने नेहरूंना समोर बसवून चित्रं केली.

आणि आपल्या लोकांना जवळचा धागा म्हणजे या स्वेतोस्लावशी लग्न कुणी केलं, तर देविका राणीने! मालाडच्या बॉम्बे टॉकीजची मालकीण, फाळके पुरस्कार पहिल्यांदा मिळाला ती. १९४५ मधे स्टुडिओ सोडला, सिनेमा सोडला, लग्न केलं आणि आधी नग्गर-मनाली, मग इथे कनकपुरा रोडला तातगुणीच्या इस्टेटीत येऊन राहिली. साडेचारशे एकरांच्या वर जमीन, त्यात लिनालोची झाडं लावून सुगंधी तेल काढायचे. तो १९९३ च्या जानेवारीत गेला, ती १९९४ च्या मार्चमधे. मूलबाळ नाही. मग इस्टेटीवरून जी कोर्टकचेरी झाली ती सुप्रीम कोर्टापर्यंत. माझे सासरे त्या रस्त्याने जाताना अजून सांगतात की एकदा गाडीत बसलेल्या देविका राणी दिसल्या होत्या, केसात फूल होतं. दर वेळी फुलाचा रंग बदलतो पण आम्ही काही बोलत नाही.

खवचट काका

हा प्रतिसाद आवडला. सासरे आवडले.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून. न्यूयॉर्कला १०७ व्या रस्त्यावर, ब्रॉडवे आणि रिव्हरसाइडच्या मधे रोरिक म्युझियम आहे, साधं राहतं घर असावं अशी इमारत, बाहेरून चुकून पुढे निघून जाल. तिकीट नाही, वाटलं तर डबीत टाका. जवळजवळ दोनशे चित्रं. भारतातून कुणी पाहुणे आले की मी स्टॅच्यू ऑफ लिबर्टी झाल्यावर त्यांना इथे नेते, पाय दुखत असतात त्यामुळे कुणी तक्रार करत नाही.

याच्या मागची गोष्ट रंजक आहे. आधी यांचं म्युझियम चार रस्ते खाली होतं, १९२९ ला त्यासाठी मुद्दाम उंचच उंच इमारत बांधली, खालच्या मजल्यांवर चित्रं आणि आर्ट स्कूल, वर लोकांच्या राहायच्या खोल्या. मास्टर बिल्डिंग. मग १९३४-३५ मधे अमेरिकेच्या शेतकी खात्याने याला मांचुरियात पाठवलं, कशाला तर दुष्काळात टिकणाऱ्या गवताचं बी आणायला! तेव्हा अमेरिकेत धुळीची वादळं होऊन शेतंच्या शेतं उडून चालली होती. शेतीमंत्री हेन्री वॉलेस याचा भक्त होता, पत्रांत त्याला गुरू म्हणायचा. पण हा तिकडे जाऊन राजकारणात लक्ष घालतोय अशी बोंब झाली, वॉलेसने हात झटकले, मागे टॅक्सचं लचांड लागलं, ज्या श्रीमंत शिष्याने इमारतीला पैसे लावले होते तोही उलटला आणि इमारत गेली. रोरिक परत अमेरिकेत पाऊल ठेवू शकला नाही. तीच 'गुरू'ची पत्रं पुढे १९४८ मधे वॉलेस राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला तेव्हा विरोधकांनी पेपरात छापून आणली.

खवचट काका

बघा! म्हणजे मी म्हणत होतो ते अगदीच हवेत नव्हतं. अमेरिकन मंत्र्यालासुद्धा गुंडाळला बाबाने.

हडसनकाठ

गुंडाळला का नाही ते तुम्ही ठरवा. पण त्याच १९३५ मधे, १५ एप्रिलला, व्हाइट हाउसमधे रूझवेल्टसमोर अमेरिका खंडातल्या २१ देशांनी रोरिक करारावर सह्या केल्या. युद्ध झालं तरी देवळं, म्युझियम, ग्रंथालयं, शाळा यांवर हल्ला करायचा नाही, त्यांच्यावर एक निशाण लावायचं, पांढऱ्यावर लाल वर्तुळात तीन लाल गोळे. दवाखान्यावर रेडक्रॉस असतो तसं. पुढे १९५४ मधे हेगचा मोठा करार झाला त्याच्या आधीचं पाऊल हेच. त्यामुळे माणूस सरळ एका खान्यात बसत नाही.

गडवाटकरी

या सगळ्यात डोंगर मागे पडले. कागदताई कुठायत?

भुरा कागद

आले. परीक्षा झाली, भूगोल होता, पोरीने हिमालयाला घडीचा पर्वत लिहिलंय बहुतेक.

तर नाटक. रोरिक हिमालयात यायच्या आधी युरोपात ओळखला जायचा तो स्टेज डिझायनर म्हणून. १९०९ ला पॅरिसमधे द्यागिलेवच्या रशियन बॅले कंपनीसाठी 'प्रिन्स इगोर' या ऑपेराचा पडदा, तंबू आणि धुराचे लोट असलेला स्टेप प्रदेश. आणि १९१३ मधे संगीतकार स्ट्राविन्स्कीचा बॅले 'राईट ऑफ स्प्रिंग', ज्याच्या पहिल्या प्रयोगाला प्रेक्षकांनी थिएटरात दंगा केला होता, त्याची कथाकल्पना, सेट आणि कपडे यात हाच. पुरातत्त्वाचा नाद तिथे कामी आला.

आता आपल्याकडच्या संगीत नाटकाचा पडदा आठवा. जंगलाचा पडदा, राजवाड्याचा, रस्त्याचा. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे मावस-चुलत... नाही, नातं नक्की आठवत नसताना लिहायला नको, भाऊ-भाऊच म्हणते, त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले आणि मग बाबूराव सिनेमाकडे गेले. त्या पडद्यांचा नियम काय? शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसला पाहिजे. पानं मोजत बसायचं नाही. मोठे सपाट आकार, आणि खोली दाखवायला एकामागे एक विंगा, पुढची गडद, मागची फिकट. समोर मधे जागा मोकळी, कारण तिथे नट येणार.

आता रोरिकचा कुठलाही हिमालय घ्या आणि तसा बघा. पुढे एक गडद कड, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे धुक्याचा पट्टा, मग तिसरी, मागे आकाशाचा पडदा. विंगाच आहेत त्या! देवदार आणि सफरचंदं त्याला दिसत नव्हती असं नाही, ती शेवटच्या रांगेतून दिसली नसती म्हणून काढली नाहीत. निदान मी तरी असंच समजते.

लेन्सकॅप

हे वाचून मी दहा मिनिटं माझे फोटो बघत बसलो. ताई, यात अजून एक गंमत आहे. आपल्या सह्याद्रीत हे आपोआप होतं. नाणेघाटात किंवा हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याला उभं राहिलं की हवेत बाष्प आणि धूळ इतकी असते की एकेक रांग आपोआप फिकट होत जाते, पहिली हिरवी-काळी, दुसरी निळसर, तिसरी राखाडी, चौथी आहे का नाही शंका. निसर्गच विंगा लावून देतो. उंच हिमालयात आणि लडाखात हे होत नाही, हवा स्वच्छ, वीस किलोमीटरवरचं शिखर हात लावावं इतकं जवळ वाटतं, सगळं एकाच कापडावर चिकटवल्यासारखं. अंतर कळतच नाही, नवख्या ट्रेकर्सना तिथेच फसायला होतं. म्हणजे त्याला विंगा हव्या असतील तर त्या त्यालाच बनवाव्या लागणार, आणि म्हणून ते दरीतले धुक्याचे पट्टे. पट्टा नसेल तर पुढचा डोंगर आणि मागचा डोंगर एकमेकांत अडकतात.

भुरा कागद

अगदी! आणि हे मला सुचलं नव्हतं, उद्या वर्गात तुमच्या नावाशिवाय ढापणार आहे. आमच्याकडे चित्रकार आबालाल रहिमान शिकवताना नेमकं उलटं सांगावं लागतं, कोल्हापूरच्या कोटितीर्थाच्या काठावर बसून तो माणूस तीच पाण्याची कड, तीच झाडं पुन्हा पुन्हा करत राहिला, तिथे हवा ओली आहे आणि त्याच्या रंगातही ओल आहे. रोरिककडे हवाच नाही. श्वास घ्यायला थोडी कमी पडेल इतकी कोरडी चित्रं.

चहाटळ

मी कला वगैरे जाऊदे म्हणतो, मला ती १९२५-२८ ची सफर हवी आहे. गडवाटकरी, एका ओळीत उरकलंत राव.

गडवाटकरी

खरंय, उरकलं. घ्या मग.

१९२५ च्या ऑगस्टमधे श्रीनगरहून निघाले, लेह, मग काराकोरम ओलांडून चिनी तुर्कस्तानात (आजचं शिनजियांग). खोतानला तिथल्या अधिकाऱ्यांनी अडकवलं, हत्यारं काढून घेतली, चित्र काढायलासुद्धा बंदी, सगळा हिवाळा गेला. पुढे उरुमची, मग मधेच मॉस्को (१९२६, यावरूनच इंग्रजांना हा रशियाचा हेर वाटायला लागला), अल्ताई, उलानबातर. १९२७ मधे दक्षिणेला तिबेटात शिरले आणि ल्हासाच्या अलीकडे चांगथांगच्या पठारावर पुन्हा अडवलं. परवाना आहे पण पुढे जाऊ देत नाहीत, मागेही जाऊ देत नाहीत. ऑक्टोबर ते मार्च, साडेचार हजार मीटरच्या वर, उन्हाळी तंबूत! बरोबरची पाच माणसं गेली आणि नव्वदच्या आसपास जनावरं. सकाळी तंबूच्या दाराशी उपाशी घोडे येऊन उभे राहायचे असं वाचलंय. औषधं संपली, कोन्याक बाटलीत गोठली. १९२८ च्या मे महिन्यात सिक्कीममधे उतरले. वाटेत ३५ खिंडी पार केल्या आणि चित्रं पाचशेच्या आसपास.

चांगथांगला मी गेलोय, जूनमधे, चांगल्या जॅकेटात, तीन दिवस. तिसऱ्या दिवशी डोकं इतकं चढलं होतं की स्वतःच्या बुटांची नाडी बांधता येईना. हा माणूस पाच महिने. पन्नाशी ओलांडलेला.

चहाटळ

दंडवत. आणि नग्गरला जाऊन मग करत काय होते, नुसती चित्रं?

वडाची पारंबी

नाही हो, उरुस्वती म्हणून संशोधन संस्था काढली होती, १९२८ ला दार्जिलिंगला सुरू केली मग नग्गरला हलवली. नावाचा अर्थ पहाटेच्या ताऱ्याचा उजेड. वनस्पती गोळा करणं, तिबेटी औषधं, भाषा, जुन्या वस्तू. थोरला मुलगा जॉर्ज त्याचा संचालक, तो तिबेटीचा मोठा पंडित, पुढे रशियात परत जाऊन तिथे शिकवत होता. दुसरं महायुद्ध आलं, परदेशातून येणारा पैसा आटला आणि संस्था बंद पडली. ती इमारत म्युझियमच्या वर अजून आहे ना?

गडवाटकरी

आहे, थोडं वर चढून. तिथे लहान मुलांचे चित्रकलेचे, नाचाचे वर्ग चालतात, मी गेलो तेव्हा आतून तबल्याचा आवाज येत होता.

नावात काय

धाग्यात सगळे रोरिक लिहितायत. रशियन उच्चार 'र्‍येरिख' असा आहे. उगाच इंग्रजीतून नाव आणायचं आणि मग तेच रूढ करायचं. मराठीत लिहिताना मूळ उच्चार पाळला पाहिजे.

खवचट काका

शिळेवर स्वतः रोरिक लिहून घेतलंय त्यांनी. तिथे जाऊन दुरुस्त करून या.

नावात काय

शिळा घरच्यांनी लावली, त्यांनी स्वतः नाही. पण असो.

हडसनकाठ

किमतीचं कुणी काढलं नाही म्हणून, २०१३ च्या जूनमधे लंडनच्या लिलावात याचं एक चित्र ७८ लाख पौंडांच्या वर गेलं. आणि भारतात असलेली चित्रं देशाबाहेर विकता येत नाहीत, कारण सरकारने सत्तरच्या दशकात ज्या नऊ चित्रकारांच्या कामाला राष्ट्रीय ठेवा ठरवलं त्यात रविवर्मा, अमृता शेरगिल, टागोर मंडळी यांच्याबरोबर हाही आहे. नवांमधे परदेशात जन्मलेले दोन, शेरगिल बुडापेस्टची आणि हा.

खवचट काका

बरं. शंभाला मला पटत नाही ते नाही. पण विंगांची गोष्ट पटली. आमचे वडील गावच्या जत्रेतल्या नाटकाचे पडदे रंगवायचे, चुन्यात सरस घालून, आणि आम्हाला मांडवाच्या पार मागे उभं करून विचारायचे, 'झाड दिसतंय का रे? मग पानं दिसतायत का?' पानं दिसतायत म्हटलं की रागवायचे. इतक्या वर्षांत कारण कळलं नव्हतं.

भुरा कागद

काका!! हे वेगळा धागा काढून लिहा. खरंच.

पिंपळपान

वाचनमात्र होते, आता राहवलं नाही. ऑक्टोबरमधे आई-बाबांना घेऊन कुल्लू-मनाली करतोय. आईचे गुडघे दुखतात. नग्गरच्या त्या घरापर्यंत गाडी जाते का, चढ किती?

गडवाटकरी

किल्ल्यापर्यंत गाडी आरामात जाते, पुढे वर म्युझियमच्या फाटकापर्यंत पण टॅक्सी जाते, रस्ता अरुंद आहे. वाटेत त्रिपुरासुंदरीचं लाकडी देऊळ लागतं, तिथे थांबा. आवारात पायऱ्या आहेत. दहनाच्या शिळेपर्यंत उतार आहे, आईंना वरूनच दाखवा. सकाळी लवकर जा, अकरानंतर टूरच्या बसा येतात. सोमवारी बहुतेक बंद असतं, निघण्याआधी फोन करून खात्री करा.

पिंपळपान

धन्यवाद! आईला हा धागा वाचून दाखवला आणि नेटवरची चित्रंही (सॉरी कागदताई, स्क्रीनवरच). तिने चष्मा लावून एक चित्र झूम करायला लावलं. १९२४ चं आहे, 'रिमेंबर' नाव. सगळा बर्फाचा डोंगर, निळा. म्हणाली, त्या ट्रेकवाल्याला सांग माणूस नाही कसा, हा काय खाली. घोड्यावर बसलेला एक माणूस निघालाय आणि मान वळवून मागे बघतोय, मागे घर आहे आणि घराजवळ दोन बायका उभ्या आहेत.

गडवाटकरी

पाहिलं आत्ता. आईंना नमस्कार सांगा. मी हे चित्र तीन वेळा बघितलं होतं.